‘गर्दुल्ला’ हा शब्द छापणं आता थांबवा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आपल्या अंकात पाचव्या पानावर ‘स्थानक परिसरात गर्दुल्ल्यांचा उच्छाद’ अशी तीन कॉलमी बातमी होती. मी ती दोनदा वाचली. पादचारी पुलावर रात्री काही माणसं झोपलेली असतात, कामावरून परतणाऱ्या बायकांना भीती वाटते, दोन प्रवाशांचे मोबाइल हिसकावले गेले, पोलिसांनी गस्त वाढवावी, असा मजकूर आहे. गस्तीची मागणी रास्तच आहे. पण मोबाइल कुणी हिसकावले, तो पकडला गेला का, त्यानं काही नशा केली होती हे कुणी तपासलं, यातलं बातमीत काहीच नाही. फोटोत एक माणूस गोणपाट ओढून झोपलेला आहे आणि खाली ओळ आहे : ‘भरदिवसा पहुडलेला गर्दुल्ला’. त्या माणसाचा चेहराही झाकलेला नाही.

मी पुण्यातल्या एका दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. हा शब्द मी किती वेळा तपासून पुढे पाठवला असेल, त्याची गणती नाही. त्यातली एक वेळ मात्र तारीखवार लक्षात आहे, आणि ती सांगावी म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आयटीआयचा वायरमनचा कोर्स करून पिंपरीला एका कारखान्यात उमेदवारी करत होता. १९८५ मध्ये पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, गल्लीबोळांत मिळायला लागली होती. त्याच्या हातात पहिली पुडी कुणी दिली हे आम्हाला कळलं ते फार नंतर, आणि तोवर त्या कळण्याला काही अर्थ उरला नव्हता. आधी कळलं ते वाड्यातल्या सामाईक संडासाच्या खिडकीमुळे. तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी सापडायला लागली. चांदीवर तपकिरी रेघ, गोगलगाय चालून गेल्यावर राहते तशी, आणि खालची बाजू काडीच्या धगीनं काळी पडलेली. आईला वाटलं, पोरगा सिगारेटी ओढायला लागला. मलाही तसंच वाटलं. मग घरातला ट्रान्झिस्टर गेला. मग न्हाणीतलं पितळी घंगाळ गेलं, आणि ते वाड्यातल्या चार बिऱ्हाडांसमोरून कसं बाहेर गेलं हे कुणालाच दिसलं नाही.

एक दिवस समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू गॅलरीत उभ्या राहून खालच्या मजल्यावरच्या बाईंना म्हणाल्या, “यांचा धाकटा गर्दुल्ला झालाय म्हणे.” हळू आवाजात म्हणाल्या, पण वाड्यात हळू असं काही नसतं. आई तेव्हा चौकातल्या नळावर होती. अर्धी भरलेली कळशी उचलून ती घरात आली आणि तिनं खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून ती पहाटे चारला उठून पाणी भरायला लागली, नळावर दुसरं कुणी नसताना. नातेवाइकांना सांगायचं ठरलं की धाकट्याला सुरतला नोकरी लागली आहे. तो आतल्या खोलीत झोपलेला असे आणि बाहेर आई पाहुण्यांना सुरतच्या पगाराचे आकडे सांगत असे.

आणि इथेच मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलेलं. त्या बातमीचं प्रूफ मी वाचलं होतं. पत्ता वाचला, नावं तपासली, ‘व्यसनमुक्ती’तली वेलांटी दीर्घ आहे ना ते पाहिलं. आमच्या वाड्यापासून येरवडा सायकलनं पाऊण तासाचा रस्ता. तरी मी धाकट्याला तिथे न्यायला जवळजवळ दोन वर्षं लावली. का? कारण तिथे नेणं म्हणजे काकू म्हणाल्या ते खरं आहे असं आपल्या तोंडानं कबूल करणं. आमच्या घरात चोरी होत होती हे आम्ही सोसलं. त्याचं वजन बेचाळीस किलोवर आलं हेही सोसलं. तो शब्द मात्र आम्हाला सोसवेना, म्हणून आम्ही त्याला लपवून ठेवलं.

आता ती रात्र. १९८७ चा श्रावण. धाकटा नऊ दिवस घरी आला नव्हता. मी रात्रपाळीला होतो. ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : आमच्याकडे एक जण मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि मुद्रितशोधकानं समोरच्या गॅलीवर, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रतीवर, पेन फिरवत जायचं. वाचणारा मुलगा एकसुरी आवाजात वाचत होता. बाजारभाव झाले, मग शहरातल्या किरकोळ बातम्या. एक चार ओळींची होती, रेल्वे स्थानकाजवळ गर्दुल्ल्याचा मृतदेह सापडल्याची. गॅलीत ‘गर्दुल्याचा’ असं पडलं होतं. मी लाल पेनानं खूण केली आणि समासात एक ‘ल’ वाढवला. पेन पुढच्या ओळीवर गेलं. त्या ओळीत ‘वय अंदाजे २५, अंगात निळा शर्ट’ असं होतं.

धाकटा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. घरातून गेला तेव्हा शर्ट कुठला होता हे मला आठवेना. मी रात्रपाळीच्या उपसंपादकांना विचारलं, “ही बातमी कुणी दिली हो?” ते म्हणाले, “पोलिसांकडची आहे. का, काही चुकलं का?” मी नाही म्हणालो. प्रेसमनची सायकल मागून घेतली आणि पावसात ससून रुग्णालयात गेलो. शवागाराच्या दाराशी तासभर उभा राहिलो, मग एकानं आत नेऊन चादर बाजूला केली.

तो माझा भाऊ नव्हता. त्याच्या डाव्या मनगटावर बदामात एक अक्षर गोंदलेलं होतं. नखं नीट कापलेली होती. एवढं पाहून मी बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसून रडलो, सुटल्यासारखा. नंतर फार वर्षांनी जाणवलं की तोही कुणाचा तरी धाकटा असणार, आणि त्याच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी आमचा पेपर उघडला असेल तर त्यांना त्यांच्या मुलाबद्दल एवढंच वाचायला मिळालं असेल. तो शब्द मी नीट करून दिला होता. याची मला आजही लाज वाटते.

धाकटा दोन दिवसांनी स्वतःहून घरी आला. तरीही केंद्रात न्यायला पुढचा उन्हाळा उजाडला, १९८८ चा. आम्ही दोघं बसनं गेलो. त्याला टर्की सुरू झाली होती. नशा मिळाली नाही की जे होतं त्याला त्या जगात टर्की म्हणतात : नाकाडोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, हाडं कुणी आतून पिळतंय असं दुखणं. ती आठ-दहा दिवसांत ओसरते, पण ज्याच्या अंगात आहे त्याला त्यातला एकेक तास काढणं कठीण. त्या अवस्थेत तो टेबलासमोर उभा राहिला. टेबलामागच्या कार्यकर्त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, “या, बसा. आधी पाणी घ्या.”

धाकट्यानं मागे वळून पाहिलं. हे आपल्याला नसेल, मागे कुणी आलं असेल, असं त्याला वाटलं. तीन वर्षांत त्याला कुणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तो कार्यकर्ता स्वतः आधी तिथलाच पेशंट होता हे आम्हाला पुढे कळलं. तिथे काम करणारे पुष्कळ जण तसेच.

गोष्ट तिथे संपली नाही. चार महिन्यांनी त्यानं परत घेतली. आमचे मामा म्हणाले, “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं.” वडिलांनी जेवणाचं ताट पुढे सरकवून दिलं आणि उठून गेले. केंद्रात मात्र त्याला स्लिप म्हणत. स्लिप झाली, म्हणजे पाय घसरला, चला उठा, परत भरती व्हा. स्लिप हा शब्द आमच्या घरानं पहिल्यांदा तिथे ऐकला आणि आईनं तो उचलला. ती वडिलांना सांगायची, “अहो, त्याला स्लिप झालीय.” ताप आलाय म्हणावं तशी. मला वाटतं, त्या शब्दामुळे वडील त्याला दुसऱ्यांदा न्यायला तयार झाले. १९८९ च्या दिवाळीपासून त्यानं गर्दला हात लावलेला नाही. आज तो एकसष्ट वर्षांचा आहे, पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो, आणि पाण्याची मोटार जळली की पेठेतल्या निम्म्या सोसायट्या त्यालाच फोन करतात.

त्याच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा वाचला नाही. काही महिने बंद ठेवून त्यानं पूर्वीच्याच मापानं घेतली आणि गेला. शरीराची सवय मोडलेली असते, जुनं माप त्याला झेपत नाही. ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायला हवी आणि आजही बहुतेकांना ती ठाऊक नाही. अशी माहिती तुमच्या बातमीत दोन ओळींत बसेल.

आता तुमच्या अंकाकडे येतो. त्याच आठवड्यात पुरवणीत एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थावर, पानभर लेख होता. ‘विळख्यात सापडलेली तरुणाई’ असं शीर्षक. त्यात चांगल्या घरातली मुलं, करिअरचा ताण, एकटेपणा, पालकांनी संवाद साधावा, समुपदेशकांचा सल्ला. लेख चांगला होता, मी कापून ठेवला आहे. पण ज्याच्याकडे फ्लॅट आहे तो विळख्यात सापडतो आणि पुलावर झोपणारा उच्छाद मांडतो, हा भेद कुणी केला? आजार तोच आहे. दारूचंही पाहा. ३१ डिसेंबरला तुम्ही ‘तळीरामांवर कारवाई’ असं छापता. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या पात्राचं नाव, शंभर वर्षं मराठी माणूस ते हसत हसत वापरतो. दारू पिणाऱ्यासाठी आपल्याकडे नाटकातलं नाव आहे. गर्द ओढणाऱ्यासाठी जो शब्द आहे तो तोंडातून थुंकल्यासारखाच बाहेर येतो.

एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. अफूपासून बनणारे पदार्थ, म्हणजे अफू, हेरॉइन आणि त्या जातीच्या गोळ्या-औषधं, वापरणारे देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक आहेत असं त्यात आहे. ड्रग्जच्या आहारी गेलेल्या वीस जणांमागे एकाला आयुष्यात कधी तरी उपचार मिळतात. दारूच्या बाबतीत अडतिसात एक. उरलेले एकोणीस आणि सदतीस कुठे असतील, ते मला आमच्या आतल्या खोलीमुळे ठाऊक आहे. ते सुरतला नोकरीला आहेत.

उपचार नाहीत, केंद्रं कमी आहेत, पैसे नाहीत, ही कारणं आहेतच. पण आमच्या बाबतीत केंद्र होतं, माहीत होतं, परवडण्यासारखं होतं. आम्ही अडलो ते एका शब्दाशी.

आपल्याकडून उत्तर येईल ते मला ठाऊक आहे, कारण ते मी संपादकीय विभागात बसून ऐकलेलं आहे : वाचकाला चटकन कळणारा शब्द आहे, मथळ्यात बसतो, आणि ज्या बाईची पर्स गेली तिनं काय करायचं? तिची तक्रार खरी आहे आणि ती पहिल्या पानावर छापा. पर्स चोरली तर चोर लिहा, सुरा दाखवला तर हल्लेखोर लिहा. त्यानं नशा केली होती असं पोलिसांच्या तपासात निघालं तर तेही लिहा. पण फाटके कपडे आणि पिंजारलेले केस पाहून माणसाला गर्दुल्ला ठरवू नका. आमच्या भागातल्या पुलाखाली एक गृहस्थ वर्षानुवर्षं बसायचे, स्वतःशी बोलायचे, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालायचे. सगळा परिसर त्यांना गर्दुल्ला म्हणायचा. त्यांनी आयुष्यात विडीही ओढली नव्हती असं पुढे त्यांच्या बहिणीनं सांगितलं. ते मनोरुग्ण होते, त्यांना वेगळ्या उपचारांची गरज होती आणि ते मिळाले नाहीत.

शब्द बदलता येतात. मी नोकरीला लागलो तेव्हा ‘वेड्यांचं इस्पितळ’ आणि ‘महारोगी’ सर्रास छापलं जायचं. एक दिवस आमच्या मुख्य उपसंपादकांनी हातानं लिहिलेला कागद भिंतीवर चिकटवला : मनोरुग्णालय, कुष्ठरुग्ण. पहिले दोन महिने आम्ही चुकलो, दुरुस्त्या केल्या, मग हाताला सवय झाली. मथळा आखूड पडला म्हणून पेपर बंद पडला नाही. माझी सूचना ‘व्यसनग्रस्त’ अशी आहे. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त आपण रोज छापतो. त्यात माणूस वेगळा आणि त्याच्यावर आलेलं वेगळं, हे शब्दातच दिसतं. पूर ओसरला की तो माणूस पूरग्रस्त राहत नाही. ‘गर्दुल्ला’ मात्र ओसरत नाही. छत्तीस वर्षांनंतरही आमच्या जुन्या वाड्यातला एक जण माझ्या भावाची ओळख त्याच शब्दानं करून देतो.

कायदाही आता एवढा आंधळा राहिलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार मानसिक आजारांत धरले आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, पण त्याच कायद्याच्या ६४अ कलमाखाली, स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला जाणाऱ्या व्यसनग्रस्ताला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याच्या खटल्यापासून संरक्षण आहे, अट अशी की त्यानं उपचार पुरे केले पाहिजेत. पोलीस पकडतील या भीतीनं मुलाला घरात कोंडून ठेवणाऱ्या किती आयांना हे माहीत आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातला एमडीचा साठा पकडला गेला तेव्हा माल किती किलो, किंमत किती कोटी, धागेदोरे कुठवर, हे रोज वाचायला मिळत होतं. ज्याच्या घरात त्या पावडरीची पुडी सापडली आहे त्यानं उद्या सकाळी कुठे जावं, याची एक ओळ शोधायला मी आठवडाभर अंक चाळले.

प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. तेव्हापासून तशा बातमीखाली मदतीचा क्रमांक देण्याची पद्धत बऱ्याच पेपरांत पडली आहे. तीच पद्धत इथे आणा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४४६, निःशुल्क. ड्रग्जच्या प्रत्येक बातमीखाली ही एक ओळ टाका. आणि झोपलेल्या माणसाचा चेहरा छापू नका, त्याची आई तुमची वाचक असू शकते.

पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती. नाव-पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर दिला आहे, खात्री करून घ्यावी. हे पत्र मी धाकट्याला दुकानात जाऊन वाचून दाखवलं. तो हातातली तार गुंडाळत ऐकत होता. म्हणाला, “दादा, नाव घाल की, मला काही नाही.” पण त्याच्या मुलीचं लग्न ठरत आलं आहे. मुलाकडची मंडळी येत्या रविवारी घरी यायची आहेत. त्यांना आम्ही सगळं सांगणार आहोत, धाकटा स्वतः सांगणार आहे, पहिला चहा झाला की. ते त्यांनी त्याच्या तोंडून ऐकावं, आपल्या पेपरातून त्यांना कळू नये, एवढंच.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे